बर्फावरचा केस: कर्लिंग क्लबात कुत्रा असावा की नसावा?

मालवणी_मासोळी | १८ जानेवारी, रात्री ९:१०

मंडळी, सल्ला हवाय. विषय जरा विचित्र आहे, हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

मी मूळची मालवणची. गेली चार वर्षं कॅनडात न्यूफाउंडलंड बेटावर आहे, सेंट जॉन्सपासून गाडीने तासाभरावरच्या एका गावात. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. नकाशात उत्तर अमेरिकेचं पार उजवं टोक दिसेल, तिथे. इथलं घड्याळही आडमुठं, शेजारच्या प्रांतांपेक्षा अर्धा तास वेगळं चालतं. त्याचा फायदा एवढाच की हिवाळ्यात भारताशी बरोब्बर ९ तासांचा फरक पडतो आणि आईचा हिशेब चुकत नाही. इथले लोक एकमेकांना 'बाय' म्हणतात. म्हणजे 'बॉय', उच्चार इथला. पहिल्या आठवड्यात दुकानात कुणी 'यस बाय' म्हटलं की मी वळून बघायचे. वाटायचं, मालवणातलंच कुणीतरी 'गो बाय' करून हाक मारतंय.

पहिल्या हिवाळ्यात वेड लागायची पाळी आली. साडेचारला अंधार, वारा असा की दार उघडलं तर बंद होत नाही. लॅबमधली एक मैत्रीण मला ओढून कर्लिंग (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) क्लबात घेऊन गेली. त्या रात्री माझ्याशी पहिली ओळख करून घेतली ती डोरीने. काळी, केसाळ कुत्री, निम्मी न्यूफाउंडलंड, निम्मी लॅब्राडोर, वजन माझ्याहून थोडंसंच कमी. नाव मच्छीमारांच्या सपाट बुडाच्या छोट्या होडीवरून, तिला डोरी म्हणतात. कुत्रीचे मालक ७८ वर्षांचे आजोबा, जन्मभर कॉड पकडला. १९९२ मध्ये सरकारने कॉडची मासेमारी बंद केली आणि साधारण ३०,००० लोकांचा रोजगार एका फटक्यात गेला, त्यातलेच हे एक. आता स्वतः खेळत नाहीत, गुडघे गेलेत. पण दर मंगळवारी आणि गुरुवारी डोरीला घेऊन येतात, काचेमागच्या बाकावर बसतात आणि सगळ्यांच्या चुका काढतात.

डोरी काचेला नाक लावून बसते. काचेवर तिच्या नाकाचा कायमचा ठसा आहे, तो कुणी पुसत नाही. स्किपने, म्हणजे टीमच्या कॅप्टनने, 'हर्री! हार्ड!' अशी आरोळी ठोकली की ती भुंकते. दुसऱ्या टीमचा स्किप ओरडला तर भुंकत नाही, असा आमच्या टीमचा दावा आहे. मी कोणाशी बोलायचं, काय बोलायचं अशा विवंचनेत कोपऱ्यात उभी होते, तर ही येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून मोकळी. मग तिच्यावरून आजोबा बोलले, आजोबांवरून बाकीचे बोलले. दुसऱ्या वर्षी मी टीममध्ये.

आता मुद्दा. ८ तारखेला आमच्या लीगचा महत्त्वाचा सामना होता. शेवटचा एंड (म्हणजे डाव), शेवटचा दगड आमच्या स्किपचा. सुंदर टाकला. निम्म्या वाटेवर तो एकदम अडखळला, वळला आणि भलतीकडेच गेला. एका गुणाने हरलो. दगड उलटा करून पाहिला तर खाली एक लांब काळा केस! काळे लांब केस असणारे त्या इमारतीत दोघेच, मी आणि डोरी. माझा आंबाडा टोपीखाली होता. झालं, सगळ्यांनी काचेकडे बघितलं.

क्लबच्या कमिटीने डोरीला 'तूर्तास' येऊ नये म्हणून सांगितलंय. ३१ ला बैठक आहे, सभासदांनी मत मांडायचंय. आजोबाही यायचे थांबलेत. मी काय बोलू? मी या क्लबात सगळ्यात नवी आणि सगळ्यात तपकिरी, त्यामुळे तोंड उघडायच्या आधी तयारी करून जावं म्हणते.

कोथरूडचा_कोल्हा | १८ जानेवारी, रात्री ९:३२

बर्फावर दगड ढकलायचा, पुढे दोघांनी झाडू मारत पळायचं आणि काचेमागून कुत्र्याने भुंकायचं. आमच्या सोसायटीत रोज सकाळी हेच चालतं, फक्त बर्फ नसतो. हसून हसून पुरेवाट.

(शीर्षकातला 'केस' आवडला. तारीख पे तारीख होणार याची.)

आले_लिंबू | १८ जानेवारी, रात्री ९:५०

पण हा खेळ नक्की असतो काय? ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर दिसतो तेवढाच. दगड अडखळला म्हणजे काय?

मालवणी_मासोळी | १९ जानेवारी, सकाळी ७:०५

थोडक्यात, बर्फावरचा कॅरम समजा. ४५ मीटर लांब आणि ५ मीटरपेक्षा किंचित कमी रुंद अशी बर्फाची पट्टी, तिला शीट म्हणतात. पलीकडच्या टोकाला १२ फूट व्यासाची गोल वर्तुळं, ते 'हाउस'. मध्यबिंदू म्हणजे 'बटन'. चौघांची टीम, प्रत्येकाचे दोन दगड. एक टीम, मग दुसरी, असे आळीपाळीने टाकायचे. सगळे १६ दगड झाले की एक एंड संपला. बटनाच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड त्याला गुण. दगड सोडताना हलकेच फिरवायचा, म्हणजे तो वाकत जातो, म्हणून 'कर्लिंग'.

दगड कसा, तर जात्याची वरची तळी डोळ्यांपुढे आणा. ग्रॅनाइटचा, खुंट्याऐवजी वर मूठ, वजन १७ ते २० किलो. उत्तम दगड स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग नावाच्या एका बेटावरून येतो. ऑलिंपिकचे दगड त्याचेच.

झाडू मारल्याने बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब आणि सरळ जातो. माझी आई फोनवर म्हणाली, "अगो, दगड ढकलूक आणि केर काढूक तू इतक्या लांब गेलंस?"

अडखळण्याबद्दल कुणी जाणकार सांगेल. मला फक्त परिणाम माहीत आहे.

मु_पो_विनिपेग | १९ जानेवारी, सकाळी ८:४०

जाणकार हजर. बावीस वर्षं कॅनडातल्याच मॅनिटोबा प्रांतात, त्यातली नऊ वर्षं क्लबात बर्फ करायला स्वयंसेवक म्हणून जातो. आमच्या शहरातला ग्रॅनाइट क्लब १८८० चा. इथे माणसाचं नाव विचारायच्या आधी 'कुठल्या क्लबात खेळता' विचारतात.

कर्लिंगचा बर्फ आरशासारखा गुळगुळीत असतो हा गैरसमज आहे. तसा असता तर दगड पलीकडे पोचलाच नसता. आम्ही पाठीवर पाण्याची टाकी घेऊन, हातातल्या झारीने डावीउजवीकडे झुलवत, उलट्या पावलांनी चालत कोमट पाण्याचे थेंब शिंपडतो. अंगणात सडा घालतात अगदी तसं. ते थेंब पडल्या पडल्या गोठतात आणि बर्फावर बारीक पुरळ उठतो. त्याला 'पेबल' म्हणतात. मग पात्याने त्याचे शेंडे तासायचे. बर्फाचं तापमान उणे ५ च्या आसपास राखायचं. जरा इकडेतिकडे झालं की स्किप लोक आमच्या कुळाचा उद्धार करतात.

आणि दगडाचा तळ सपाट नसतो. उलट्या ताटलीसारखा आत गेलेला असतो. टेकते ती फक्त एक गोल कडा, काही मिलिमीटर रुंद. म्हणजे वीस किलोचं धूड पुरळाच्या शेंड्यांवरून त्या चिंचोळ्या कडेवर तरंगत जात असतं. कडेखाली केस, वाळूचा कण, लोकरीचा धागा काहीही आलं की संपलं. दगड दचकतो आणि दिशा सोडतो. आम्ही म्हणतो दगडाने 'पिक' केलं. म्हणून तर बाहेरचे बूट घालून बर्फावर पाऊल टाकलं तर इथे लोक असे बघतात, जसं आपल्याकडे चपला घालून देवघरात गेल्यावर बघतील.

गंमत म्हणजे पूर्वी झाडूच डुकराच्या नाहीतर घोड्याच्या केसांचे असायचे. त्यांचे केस गळायचे आणि पिक व्हायचं. त्याच्या आधी गवती झाडू होते, त्यांच्या काड्या. म्हणजे प्राण्याचे केस हा या खेळाचा जुना शत्रू आणि जुना मित्र दोन्ही.

मासोळीताई, आता एक प्रश्न. डोरी काचेमागे असते म्हणता, काच आणि बर्फाच्या मध्ये दार आहे. कुत्री बर्फावर कधीच गेली नाही ना? मग केस तिथे चालत गेला का? कुणीतरी नेला. कुणी नेला ते शोधा.

स्पष्टवक्ता_९९ | १९ जानेवारी, सकाळी १०:१५

परदेशात जाऊन कुत्र्यांचे लाड. इथे आमच्या गल्लीत रात्री अकरानंतर चालत जाऊन दाखवा, मग कळेल भूतदया.

शेवग्याची_शेंग | १९ जानेवारी, सकाळी ११:२०

मी दुसरी बाजू मांडते, दगड मारू नका (कर्लिंगचाही नको).

मी कॅनडातच, मिसिसागाला आहे. मुलाला दमा. इथे शनिवारच्या मुलांच्या कर्लिंगला घालायचं होतं, क्लबात दोन कुत्री मोकळी. सेक्रेटरीबाई गोड हसून म्हणाल्या, "त्यांचे केस फार गळत नाहीत." अहो, ॲलर्जी केसांची नसतेच. कातडीच्या कोंड्यातली आणि लाळेतली प्रथिनं त्रास देतात. केस कमी गळणाऱ्या कुत्र्यालाही कातडी असते आणि लाळ असते. बंद इमारत, खिडक्या नाहीत, हवा तीच तीच फिरते. आम्ही दोन शनिवार गेलो आणि सोडून दिलं.

कुत्रा नको असं नाही म्हणत. पण 'आमचा कुत्रा सगळ्यांना आवडतो' असं म्हणणाऱ्यांना, ज्यांना आवडत नाही ते लोक दिसतच नाहीत. कारण ते येणंच बंद करतात. तुमच्या बैठकीत कुणी गप्प बसलेलं असेल तर त्याला आधी विचारा.

मालवणी_मासोळी | १९ जानेवारी, दुपारी १२:०२

शेंगताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद, मनापासून.

विनिपेगकर, "कुणी नेला" यावर विचार करतेय.

डॉ_भूभू | १९ जानेवारी, रात्री ८:३०

नाशिकला पशुवैद्य आहे. बर्फाचा अनुभव फ्रीझरपुरता, पण मधली दोन वर्षं शिक्षणासाठी थंड देशात काढली, तेव्हाचं सांगतो.

पहिली गोष्ट, थंडीने डोरीच्या पायांना फारसं काही होत नाही. कुत्र्याच्या तळव्यात रक्तवाहिन्यांची रचना अशी असते की वर जाणारं गार रक्त खाली येणाऱ्या उबदार रक्ताकडून ऊब घेतं. त्रास होतो तो रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा. तळवे चिरतात, वर ती ते चाटते. आत आल्यावर ओल्या फडक्याने पाय पुसा. तेवढ्याने तुमचा बर्फही स्वच्छ राहील.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. बर्फ गोठवायच्या यंत्रणेत काही ठिकाणी खारं पाणी फिरवतात, काही ठिकाणी ग्लायकॉल. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं. कुत्री आवडीने चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. थोडंसंही पुरतं. गाडीच्या कूलंटमध्येही तेच असतं. तेव्हा यंत्रांच्या खोलीकडे आणि पार्किंगमधल्या रंगीत डबक्यांकडे लक्ष असू द्या.

तिसरी, क्लबचं स्वयंपाकघर. कांद्याची भजी, म्हणजे तुमचे अनियन रिंग्ज, अजिबात देऊ नका. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, शुगरफ्रीवाला च्युइंगगम हे सगळं बाद. खेळाडू प्रेमाने भरवतात आणि रात्री मालक डॉक्टरकडे पळतो.

अवांतर: तळ्यावरच्या बर्फातून कुत्रा पाण्यात पडला तर त्याच्या मागे जाऊ नका. कुत्रा बरेचदा स्वतः बाहेर येतो, मागे गेलेला माणूस येत नाही.

कोथरूडचा_कोल्हा | १९ जानेवारी, रात्री ८:४४

नामदेवांच्या कुत्र्याने पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. डोरीने बर्गर पळवला तर केचप घेऊन धावायचं नाही, बरोबर ना डॉक्टर?

डॉ_भूभू | १९ जानेवारी, रात्री ८:५१

केचपमध्येही कांदा असतो. बसा खाली.

चित्रगुप्ताची_वही | २० जानेवारी, सकाळी ६:१५

धागा वाचून राहवलं नाही. पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराचं १५६५ चं एक चित्र आहे, सध्या व्हिएन्नाच्या संग्रहालयात. पुढच्या बाजूला तीन शिकारी बर्फातून घरी परततायत. शिकार अगदी किरकोळ. मागे त्यांच्या कुत्र्यांचा दमलेला तांडा, माना खाली. आणि दूर खाली गोठलेल्या तळ्यांवर बारीक बारीक माणसं खेळतायत. त्यातली काही बर्फावरून वजनदार वस्तू सरकवतायत, कर्लिंगचीच थोरली बहीण म्हणावी असा खेळ. म्हणजे कुत्रे आणि हा खेळ साडेचारशे वर्षांपूर्वी एकाच चौकटीत होते. तिथेही कुत्रे खेळापासून लांबच होते!

स्कॉटलंडच्या स्टर्लिंगमधल्या संग्रहालयात तर १५११ साल कोरलेला कर्लिंगचा दगड आहे. खेळ तिथे उघड्या तळ्यांवरच वाढला. मोठा 'ग्रँड मॅच' आजही बर्फ पुरेसा जाड झाला तरच भरतो, आणि १९७९ नंतर तो भरलेलाच नाही. हवामान बदललं.

खेळ आणि कुत्र्यांचा विषय आहेच तर शुभंकरांबद्दल (मॅस्कॉट): ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर कुत्राच होता. १९७२, म्युनिक, वाल्डी नावाचा डॅक्सहुंड. त्या वर्षीच्या मॅरेथॉनचा मार्ग नकाशावर वाल्डीच्या आकाराचा आखला होता. खेळाडू कुत्र्याच्या अंगावरून धावले म्हणा. १९९२ च्या बार्सिलोनाचा कोबी हाही कुत्रा, तिथल्या डोंगराळ मेंढपाळ जातीचा. कर्लिंगवाल्यांचं मात्र नशीब बघा, कॅनडाच्या राष्ट्रीय पुरुष स्पर्धेचा, ब्रायरचा शुभंकर अस्वल आहे.

मालवणी_मासोळी | २० जानेवारी, सकाळी ७:३०

वा! चित्र उघडून बघितलं, त्या कुत्र्यांपैकी एक डोरीसारखाच थकून चालतोय.

शुभंकराचा विषय निघालाच आहे तर आमच्या बेटाचा गँडर सांगायलाच हवा. न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा, दुसऱ्या महायुद्धात रॉयल रायफल्स ऑफ कॅनडा या पलटणीचा शुभंकर. पलटण हाँगकाँगला गेली तर हाही गेला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी टाकलेला हातबाँब जखमी सैनिकांजवळ पडला, गँडरने तो तोंडात धरला आणि दूर पळाला. बाँब फुटला, तो गेला, सैनिक वाचले. २००० साली त्याला मरणोत्तर डिकिन पदक मिळालं, प्राण्यांना शौर्यासाठी देतात ते. आमच्या आजोबांना ही गोष्ट तारीखवार पाठ आहे आणि ते ती प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. मला तीनदा सांगितली.

कर्लिंगचंही तसंच. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये आमच्याच ब्रॅड गुशूच्या टीमने फिनलंडला १०-४ ने हरवून सुवर्ण जिंकलं. तेव्हा अंतिम सामना बघता यावा म्हणून प्रांतभरच्या शाळा लवकर सोडल्या होत्या. माझ्या टीममधली तरणी पोरं तेव्हा शाळेत होती, अजून त्याच दुपारबद्दल बोलतात. एवढीशी वस्ती, अभिमानाच्या जागा मोजक्या: कॉड, कुत्रा आणि गुशू. कॉड गेला.

आले_लिंबू | २० जानेवारी, सकाळी ९:१०

एक बावळट शंका. समजा कुत्रा बर्फावर घुसला आणि चालत्या दगडाला धडकला, तर नियम काय?

मु_पो_विनिपेग | २० जानेवारी, सकाळी ९:२५

बावळट नाही, हे प्रकार घडतात. कुत्रा म्हणजे 'बाहेरची शक्ती'. चालत्या दगडाला बाहेरच्या कशाचा धक्का लागला तर दगड पुन्हा टाकायचा. थांबलेले हलवले तर मूळ जागी ठेवायचे, दोन्ही टीमच्या संमतीने. खेळाडूचा स्वतःचा झाडू लागला तर मात्र दगड 'जळाला' आणि बाद. इथे माणसं ते स्वतःच कबूल करतात, अंपायरची वाट बघत नाहीत. आणि सामना संपल्यावर जिंकणारे हरणाऱ्यांना पहिला ग्लास पाजतात.

कोथरूडचा_कोल्हा | २० जानेवारी, सकाळी ९:४०

बाहेरची शक्ती! जेजुरीत कुत्र्याला खंडोबाचं म्हणतात, कॅनडात 'बाहेरची शक्ती'. एकूण एकच.

ओटावाची_ओवी | २० जानेवारी, दुपारी ४:००

एक वेगळा मुद्दा. कॅनडात दृष्टिहीन खेळाडूंचं कर्लिंग आहे, त्यांची राष्ट्रीय स्पर्धाही होते. लांबून दिशा दाखवायला मदतनीस असतो. काहींबरोबर मार्गदर्शक कुत्रा असतो, तो क्लबच्या आत येणारच, तो त्यांचा हक्क आहे. तो पाळीव प्राणी नव्हे. व्हीलचेअर कर्लिंगही २००६ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे, त्यात झाडू मारणं नसतं. तर तुमच्या कमिटीने 'कुत्रा बंद' असा सरसकट नियम केला, तर उद्या अशा खेळाडूला दारात थांबवतील. शब्द जपून लिहायला सांगा.

शेवग्याची_शेंग | २० जानेवारी, दुपारी ४:२०

+१. मार्गदर्शक कुत्र्याला माझा काडीचाही विरोध नाही, हे नोंदवते.

मालवणी_मासोळी | १ फेब्रुवारी, रात्री १०:३०

निकाल लागला. आणि गुन्हेगार सापडला.

विनिपेगकरांनी 'केस कुणी नेला' विचारलं तेव्हापासून मी हैराण होते. परवा कपाटातून कर्लिंगची पँट काढली, फ्लीसची, काळी. दिव्याखाली धरली तर दोन्ही गुडघ्यांवर डोरी. अक्षरशः अर्धी डोरी. प्रत्येक सामन्याआधी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवते, मी दहा मिनिटं तिचे कान चोळते आणि तशीच उठून बर्फावर जाते. दगड सोडताना मागचा गुडघा बर्फाला घासत जातो. मी लीड, माझे दगड सगळ्यात आधी. म्हणजे मी सुरुवातीलाच दगडाच्या वाटेवर केस पेरून ठेवायचे आणि मागून बाकीचे त्यावरून दगड टाकायचे. स्किपचा शेवटचा दगड माझ्यामुळे गेला. इतके दिवस ती मुकी शिक्षा भोगत होती आणि मी इथे तिची वकिली करत होते.

बैठकीत उभी राहिले आणि सांगितलं. पँट सोबत नेली होती, पुरावा म्हणून. क्षणभर शांतता, मग आमचा स्किप एवढा हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. म्हणाला, "यस बाय, तीन वर्षं आम्ही बर्फ करणाऱ्याला शिव्या देतोय!" बर्फ करणारे गृहस्थ मात्र हसले नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

मग मी शेंगताईंचा मुद्दा मांडला. आणि काय सांगू, ट्रेझररबाईंनी हात वर केला. त्यांच्या नातीला ॲलर्जी आहे, म्हणून त्या तिला दोन वर्षं आणत नव्हत्या. कुणाला बोलल्या नव्हत्या, आजोबांना वाईट वाटेल म्हणून.

ठरलं ते असं. डोरी फक्त मंगळवारी, ज्येष्ठांच्या लीगला. गुरुवार बंद. मुलांच्या दिवशी कुणाचाच कुत्रा नाही. बुटांच्या रॅककडे आणि यंत्रांच्या खोलीकडे तिला मज्जाव. दारात ओलं फडकं आणि कपड्यांवरचे केस काढायचा चिकट रोलर. मदतनीस कुत्र्यांना यातलं काहीच लागू नाही, हे वेगळ्या ओळीत लिहून घेतलं (ओवी, आभार). काचेवरचा नाकाचा ठसा पुसावा का यावर वीस मिनिटं चर्चा झाली, इतर कशावरही एवढी झाली नाही. ठसा राहिला.

आजोबा बैठकीला आले नव्हते. निरोप द्यायला मी घरी गेले. त्यांनी ऐकून घेतलं, गुरुवार गेल्याचं त्यांना लागलं, ते दिसलं. मग म्हणाले, गुरुवारचे लोक तसेही वाईटच खेळतात. आणि चहा टाकून गँडरची गोष्ट सुरू केली. चौथ्यांदा.

मु_पो_विनिपेग | १ फेब्रुवारी, रात्री ११:०५

बर्फ करणाऱ्यांची माफी मागितलीत का? तीन वर्षांच्या शिव्यांची?

मालवणी_मासोळी | १ फेब्रुवारी, रात्री ११:०८

मागितली. पुढचा महिनाभर दर शनिवारी सकाळी सडा घालायला यायची शिक्षा मिळालीय. आई म्हणते, "शेवटी थंयसर पण सडोच घालतंस!"

आले_लिंबू | २ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

सगळं झालं, डोरीचा फोटो कुठाय?

मालवणी_मासोळी | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

काल मंगळवार होता, काढायला गेले होते. काचेवर श्वासाची वाफ धरलेली, काळ्या ठिपक्याशिवाय काही येत नाही. पुढच्या आठवड्यात रोलर फिरवायच्या आधी काढते.